विधेयक मांडलं म्हणजे कायदा झाला का? मधल्या पायरीची गोष्ट

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की कोल्हापुरात दोन गोष्टी ठरलेल्या. सकाळी एखादं विधेयक मांडल्याची बातमी येते आणि दुपारपर्यंत ‘नवीन कायदा लागू, सगळ्यांना पाठवा’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर गल्लीभर फिरतो. पुढं ते विधेयक खरोखर मंजूर झालं की जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा निघतो आणि ‘विधेयक मागे घ्या’ असं निवेदन दिलं जातं. मेसेज फार लवकर येतो, मोर्चा फार उशिरा निघतो. या दोन्हींच्या मधे विधेयकाची भाषा बदलू शकते असा एक काळ असतो. त्या काळात मात्र चहाच्या गाड्यावर दुसराच विषय चाललेला असतो.

त्या मधल्या काळात नेमकं काय होतं, ते पायरीपायरीनं बघू.

कशाला विधेयक लागतं, कशाला नाही

विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तो मंजूर केला आणि राज्यपालांनी संमती दिली की त्याचा अधिनियम होतो. आपण त्यालाच कायदा म्हणतो. विधानसभेत २८८ आमदार आहेत, त्यातले १० आपल्या जिल्ह्यातून जातात. विधान परिषदेत ७८ आमदार आहेत.

पण सरकारचा प्रत्येक मोठा निर्णय म्हणजे नवा कायदा नव्हे. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी किती वर्षं आंदोलनं केली ते इथं कुणाला सांगायला नको. त्या बेंचसाठी विधिमंडळात एकही विधेयक आलं नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात मुख्य न्यायमूर्तींना तसा अधिकार आहे आणि राज्यपालांच्या मान्यतेनं तो वापरला गेला. शहराची हद्दवाढही सरकार अधिसूचनेनं करू शकतं, कारण तो अधिकार महापालिकांच्या कायद्यात आधीच दिलेला आहे. शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाची गोष्ट तशीच. त्यामुळं ‘शक्तिपीठचं विधेयक हाणून पाडा’ अशी मागणी कुणी केली तर नेम चुकलाय असं समजा. तिथं लढाई अधिसूचनेशी आहे.

याउलट अंबाबाई मंदिरात सरकारनियुक्त पगारी पुजारी नेमण्याची तरतूद करायची होती, तेव्हा २०१८ मध्ये विधिमंडळात रीतसर विधेयक आणून मंजूर करावं लागलं. नवा हक्क द्यायचा, जुना काढून घ्यायचा, एखाद्या कृत्याला शिक्षा ठरवायची, नवा कर बसवायचा, अशा कामांना विधेयकाशिवाय गत्यंतर नाही. करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं ते शाहू महाराजांच्या हुकमानं. तिथं तीन वाचनं आणि समित्या असला प्रकार नव्हता. महाराज शाहूंसारखे असतील तर ते परवडतं.

छापील विधेयक हातात घेतलं तर

सरकारी विधेयक संबंधित खात्यात जन्माला येतं. विधी व न्याय विभाग त्याला कायद्याची भाषा देतो, मंत्रिमंडळ मान्यता देतं आणि मग ते सभागृहाकडं येतं. मंत्री नसलेला आमदारही विधेयक आणू शकतो, त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. पण त्यावर फार भरवसा ठेवू नका. संसदेत अशा विधेयकाचा शेवटचा कायदा झाला तो १९७० साली.

एकदा तरी विधेयकाची छापील प्रत उघडून बघावी. ती मराठीत असते आणि बऱ्याचदा पानंही फार नसतात. मजकूर क्रमांकवार तुकड्यांत मांडलेला असतो, त्या तुकड्याला खंड म्हणतात. समासात बारीक अक्षरांत प्रत्येक खंडाचा विषय दिलेला असतो. माझा सल्ला असा, की प्रत शेवटाकडून वाचायला घ्या. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं आणि खाली मंत्र्यांचं नाव असतं. सरकारला हे विधेयक का हवंय ते तिथं बऱ्यापैकी सरळ भाषेत सापडतं. त्याच्या आसपास आणखी एक कंटाळवाणं निवेदन असतं. कोणत्या खंडानं नियम करण्याचा अधिकार सरकारकडं सोपवलाय, ते त्यात लिहिलेलं असतं. लोक ते पान उलटून टाकतात. खरी मेख बऱ्याचदा तिथं असते, कारण ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ असं विधेयकात जिथं जिथं येतं, तिथला तपशील सभागृहात ठरतच नाही. तो नंतर खात्यात ठरतो.

मांडणं म्हणजे फक्त दारातून आत येणं

विधेयक मांडण्याला विधिमंडळाच्या भाषेत पुरःस्थापना म्हणतात आणि तेच पहिलं वाचन. मंत्री उभे राहतात, विधेयक मांडायला सभागृहाची परवानगी मागतात, आवाजी मतानं ती मिळते आणि विधेयक मांडलं जातं. विधेयक चांगलं की वाईट यावर तेव्हा चर्चा होत नाही. सगळं उरकायला दोन मिनिटंही लागत नाहीत. त्या दोन मिनिटांवरून ‘नवीन कायदा लागू’चा मेसेज तयार होतो.

विरोध मात्र याही पायरीवर करता येतो. ‘एक देश, एक निवडणूक’साठीचं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत १७ डिसेंबर २०२४ ला आलं, तेव्हा ते मांडू द्यायचं की नाही यावरच मतदान झालं. बाजूनं २६९ मतं पडली, विरोधात १९८. ती मतं फक्त विधेयक आत घेण्यापुरती होती. पुढं घटनादुरुस्ती मंजूर करायची तर हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं आणि या आकड्यांत ते बसत नाही. ‘लोकसभेत पास झालं’ असं त्या दिवशी ज्यांनी पुढं ढकललं, त्यांनी एवढं गणित केलं असतं तरी पुरे होतं.

दुसरं वाचन आणि चार वाटा

खरं काम दुसऱ्या वाचनात होतं. इथं सभागृहापुढं चार वाटा असतात. विधेयक लगेच विचारात घ्यायचं, हा सर्वांत जवळचा रस्ता आणि सरकारांचा आवडता. दुसरी वाट म्हणजे त्याच सभागृहातल्या काही सदस्यांच्या समितीकडं पाठवायचं. तिसरी, दोन्ही सभागृहांच्या मिळून केलेल्या समितीकडं पाठवायचं. आपल्याकडं तिला संयुक्त समिती किंवा संयुक्त चिकित्सा समिती म्हणतात. चौथी वाट लोकमत अजमावण्यासाठी विधेयक प्रसृत करण्याची. ती नियमांत आहे, पण बातम्यांत तिचं नाव क्वचितच दिसतं.

यातली कुठली वाट धरायची ते सभागृह प्रस्ताव मंजूर करून ठरवतं. म्हणजे विधेयक आपोआप समितीकडं जात नाही, कुणीतरी मागणी करावी लागते आणि बहुमतानं ती मान्य व्हावी लागते. व्यवहारात याचा अर्थ, सरकारची तयारी असेल तरच. विरोधकांनी ‘समितीकडं पाठवा’ म्हणून कितीही घसा कोरडा केला तरी सरकार नको म्हणालं की विषय संपला.

समितीचं काम झाल्यावर, किंवा समितीला वगळून, विधेयक सभागृहात खंडवार घेतलं जातं. दुरुस्त्या सुचवता येतात त्या इथं. मग तिसरं वाचन, त्यात संपूर्ण विधेयकाला हो किंवा नाही. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत ही गाडी इतकी सुसाट पळते की खंडांचे क्रमांक वाचून होईपर्यंत विधेयक संमतही झालेलं असतं.

समितीत नेमकं काय शिजतं

करवीर-पन्हाळ्याकडच्या माणसाला हे गुऱ्हाळघरात नेऊनच समजावता येईल. काहिलीत रस तापायला लागला की भेंडीच्या रसाचं पाणी घालतात. मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहावं लागतं. हे काम रस काहिलीत असतानाच होतं. एकदा पाक उतरवून रवे पाडले की आत राहिलेली मळी तिथंच राहते, मग बाजार समितीत कितीही ओरडा करा. विधेयकाची काहील म्हणजे समिती. तिथं भाषणबाजी कमी असते, कारण बैठका बंद दाराआड होतात आणि समोर कॅमेरा नसतो. सदस्य खंड घेऊन बसतात, खात्याच्या सचिवांना समोर बसवून विचारतात, वकील-अभ्यासक-संघटनांना बोलावू शकतात, जनतेकडून लेखी सूचना मागवू शकतात. शेवटी अहवाल येतो आणि त्याला दुरुस्त केलेल्या विधेयकाची प्रत जोडलेली असते. एखाद्या सदस्याला बहुमताचं म्हणणं पटलं नाही तर तो आपलं भिन्न मत लेखी जोडू शकतो.

ताजं उदाहरण महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचं. त्यावरून कोल्हापुरातही डाव्या पक्ष-संघटनांनी आवाज उठवला होता. हे विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ मध्ये मांडलं गेलं, पण त्यावर चर्चा झाली नाही. पुढं विधानसभेची मुदत संपली आणि विधेयकही तिथंच संपलं. विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढं पडून असलेली विधेयकं व्यपगत होतात, म्हणजे आपोआप बाद होतात, असा घटनेचा नियम आहे. निवडणुकीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ते पुन्हा मांडलं आणि या खेपेला संयुक्त समितीकडं गेलं. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे समितीचे अध्यक्ष होते. लोकांकडून सूचना-हरकती मागवल्या, १२ हजारांहून अधिक आल्या.

मूळ मसुद्यात ‘व्यक्ती आणि संघटना’ यांच्या बेकायदेशीर कृत्यांना आळा घालण्याची भाषा होती. एवढ्या मोठ्या जाळ्यात कुणीही अडकेल, ही मुख्य हरकत होती. समितीतून बाहेर आल्यावर रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटनांवर आणला गेला. तपास कुठल्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यानं करायचा आणि सल्लागार मंडळावर कोण असायचं, यातही बदल झाले. अहवाल आला आणि जुलै २०२५ मध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं.

बदल पुरेसे होते का? माझ्या मते नव्हते. ‘तशा प्रकारच्या’ या शब्दांत पुन्हा बरंच काही मावतं. पण ‘व्यक्ती’ हा शब्द जिथं हलला ती जागा समितीचीच होती, हे नाकारता येणार नाही. इतक्या सूचना आल्या नसत्या तर तो हलला असता का, हा विचार ज्याचा त्यानं करावा.

‘समितीतही बहुमत सरकारचंच, मग हा सगळा देखावाच की’

हा आक्षेप कट्ट्यावर पहिला येतो आणि त्यात दम आहे. सभागृहातल्या बलाबलानुसार समिती बनते, त्यामुळं तिथंही सत्ताधाऱ्यांचे हात जास्त. आपल्या राज्यात तर मंत्रीच अशा समितीचे अध्यक्ष झालेले दिसतात. ज्याचं विधेयक, त्याच्याच सरकारचा मंत्री ते तपासायला बसवायचा, ही पद्धत मला कधीच पटलेली नाही.

तरीही दोन गोष्टी लक्षात घ्या. बंद दाराआड सत्ताधारी आमदारही मोकळेपणानं शंका काढतो. सभागृहात तेच बोलला तर त्याला पक्षाचा प्रतोद जाब विचारील. दुसरं म्हणजे, समितीत सरकारला उत्तर द्यावंच लागतं. ‘हा शब्द इथं का?’ असं कुणी विचारलं तर सचिवाला कारण सांगावं लागतं, आणि कारण नसेल तर शब्द जातो. अशा कितीतरी दुरुस्त्या कुणाची हारजीत न होता होऊन जातात. त्यांची बातमी होत नाही, म्हणून समिती काही करत नाही असा समज पसरतो.

याची उलटी बाजूही आहे आणि ती विरोधकांना बोचते. समितीत बसलात, बदलांना मान हलवलीत, भिन्न मत जोडलं नाहीत, तर पुढं सभागृहात कडाडून विरोध करायला तोंड राहत नाही. जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतानं संमत झालं, तेव्हा ठाम विरोध नोंदवला तो माकपच्या विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. तोवर मळी काढायची वेळ निघून गेली होती.

‘समिती म्हणजे विधेयक टांगायची खुंटी’

असंही होतं. जादूटोणाविरोधी विधेयकाची फरफट आठवा. २००५ मध्ये विधानसभेनं ते मंजूर केलं, पण विधान परिषदेत अडकलं आणि विधानसभेच्या मुदतीबरोबर गेलं. पुढं २०११ मध्ये पुन्हा आलं, पुन्हा रखडलं. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि काही दिवसांत सरकारनं वटहुकूम काढला. अधिवेशन चालू नसताना राज्यपालांमार्फत काढलेला तात्पुरता कायदा म्हणजे वटहुकूम. अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याची जागा पक्क्या कायद्यानं घ्यावी लागते. तो डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झाला. आठ वर्षं ज्याला मुहूर्त मिळत नव्हता, ते काही दिवसांत झालं. अडचण प्रक्रियेत होती की इच्छेत, हे वेगळं सांगायला नको.

उशीर आणि चाळणी यांतला फरक शक्ती विधेयकात दिसतो. महिला आणि बालकांवरील अत्याचारांसाठी कडक शिक्षेचं हे विधेयक डिसेंबर २०२० मध्ये आलं आणि संयुक्त समितीकडं गेलं. १५ दिवसांत तपास पूर्ण करायची मूळची अट प्रत्यक्षात पाळता येईल का, असे प्रश्न तिथं निघाले आणि मुदत ३० दिवसांवर आली. वर्षभरानं दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. ते कायदा झालं नाही, त्याचा दोष समितीला देता येत नाही. फौजदारी कायदा हा केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीतला विषय. केंद्राच्या कायद्याशी मेळ बसत नसेल तर राष्ट्रपतींची संमती लागते, आणि घोडं तिथं अडलं.

घाईची किंमतही आपण बघितलीय. तीन कृषी कायद्यांची विधेयकं सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत आली. राज्यसभेत त्यातली दोन समितीकडं पाठवण्याची मागणी आवाजी मतानं फेटाळली गेली आणि काही दिवसांत कायदे झाले. त्यानंतर दिल्लीच्या सीमेवर वर्षभर शेतकरी बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिन्ही कायदे रद्द झाले. ते कायदे चांगले होते की वाईट यावर शिरोळमध्ये आजही एकमत होणार नाही, तो वाद इथं नको. पण समितीचे दोन-चार महिने वाचवून सरकारच्या हाती काय लागलं?

दिल्लीत वेगळं काय

संसदेत १९९३ पासून खात्यांशी निगडित स्थायी समित्या आहेत. आता त्या २४ आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० खासदार असतात आणि मंत्र्याला तिथं सदस्य होता येत नाही. त्यामुळं शेतीचं विधेयक आलं तर वर्षभर शेतीखात्याचाच अभ्यास करणारी माणसं ते तपासू शकतात. ‘शकतात’ म्हटलं, कारण पाठवणं तिथंही बंधनकारक नाही. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडं गेली होती, सतराव्या लोकसभेत फक्त १६ टक्के. बातम्यांत वारंवार येणारी संयुक्त संसदीय समिती वेगळी. ती एकाच विधेयकापुरती बनते आणि अहवाल दिला की संपते. वक्फ दुरुस्ती विधेयकासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये नेमलेली ३१ जणांची समिती त्याच जातीची.

पुढचा प्रवास थोडक्यात

एका सभागृहातून विधेयक दुसऱ्यात जातं. राज्यात विधान परिषद ते अडवू शकते, पण फार काळ नाही. पहिल्या खेपेला तीन महिने, विधानसभेनं पुन्हा मंजूर करून पाठवलं तर आणखी एक महिना. निव्वळ कर आणि खर्चाचं, म्हणजे धन विधेयक असेल तर जेमतेम १४ दिवस. संसदेत दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावता येते, राज्यात ती सोय नाही. शेवटी राज्यपालांची सही, राजपत्रात प्रसिद्धी, आणि कायदा कुठल्या तारखेपासून लागू होणार याची बऱ्याचदा वेगळी अधिसूचना. ‘लागू’ हा शब्द वापरायची वेळ ती.

मग कोल्हापुरात बसून काय करता येतं

विधेयक मांडल्याची बातमी आली की आपल्या आमदाराला एकच प्रश्न विचारा: हे समितीकडं पाठवा अशी मागणी तुम्ही करणार का? पाठिंबा आहे की विरोध, हे विचारून फारसं हाती लागत नाही, कारण उत्तर पक्षाचा आदेश देतो. समितीचा प्रश्न मात्र बऱ्याच आमदारांना अनपेक्षित असतो. आणि विधानसभेच्या आमदारावरच थांबायचं कारण नाही. तुम्ही पदवीधर किंवा शिक्षक मतदार म्हणून नाव नोंदवलं असेल, तर पुणे विभागातून परिषदेत गेलेला आमदारही तुमचाच. मत मागायला ते येतात, तेव्हा पत्र लिहायलाही हरकत नाही.

समितीनं सूचना मागवल्या, तर जाहिरातीत मुदत आणि पत्ता दिलेला असतो. तिथं ‘हा काळा कायदा रद्द करा’ एवढंच लिहून पाठवलं तर ते मोजलं जातं, वाचलं जातंच असं नाही. खंडाचा क्रमांक लिहा, आत्ताचे शब्द लिहा, त्याजागी कोणते हवेत ते लिहा आणि दोन ओळींत कारण द्या. आपल्या धंद्यातला, गावातला अनुभव असेल तर तो जरूर जोडा. ऊसतोडीच्या मजुरीचं विधेयक असेल तर टोळीचा हिशेब कसा होतो, हे मुंबईच्या सचिवापेक्षा शिरोळच्या मुकादमाला जास्त ठाऊक असतं. एका पानात मावेल एवढंच लिहा आणि पोच मागून घ्या.